आडवी बाटली

आपल्या महाराष्ट्रात 'आडवी बाटली' या दोन शब्दांना एक खास अर्थ आहे. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून बायाबापड्या मतदानाला उभ्या राहतात, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : एक उभी बाटली आणि एक आडवी. आडव्या बाटलीवर शिक्का बसला की दुकानाला टाळे. म्हणून आमच्या अंबाडीच्या बाजूला 'बाटली आडवी झाली' असे कुणी म्हणाले, तर ती आनंदाची बातमी समजावी.

फ्रान्स देशात मात्र चांगल्या वाइनची बाटली आडवीच ठेवतात. तळघराच्या गारव्यात, अंधारात, वर्षानुवर्षे. बाटली आडवी असली म्हणजे आतली वाइन बुचाला भिजवीत राहते. बूच ओले राहिले म्हणजे आक्रसत नाही. आणि बूच आक्रसले नाही म्हणजे वारा आत शिरून वाइन आंबत नाही. एकच आडवी बाटली, पण आमच्याकडे ती शेवटाची खूण आणि त्यांच्याकडे दीर्घायुष्याची! या विरोधाकडे माझे लक्ष कधी गेले नसते. ते गेले गेल्या कोजागिरीला, आणि त्या रात्री जे पाहिले व त्यापायी जो इतिहास धुंडाळला, तो दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, पुढे चित्रकलेची पदविका तेवढी. इतिहासाचा मी पंडित नव्हे. मद्याचा तर नव्हेच नव्हे; आमच्या घरात बाटली म्हटली की खोबरेल तेलाची. त्यामुळे माझा एक जुना विद्यार्थी येऊन म्हणाला, "सर, कोजागिरीला पाड्यावर यायचं. वहिनींनाही आणायचं. फ्रान्सची जुनी वाइन उघडायची आहे," तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मग घरातल्या दाराकडे.

हा मुलगा अंबाडी नाक्यापासून आत असलेल्या एका आदिवासी पाड्यावरचा. माझ्या वर्गात तो तिखट-मिठाच्या डब्यांची चित्रे फार सुंदर काढी. पुढे स्वयंपाकाचे रीतसर शिक्षण घेऊन तो जहाजावर आचारी झाला. तिथल्या एका वयस्क फ्रेंच आचाऱ्याने निवृत्त होताना याच्या हातात एक बाटली ठेवली आणि बजावले, "घरात मोठा दिवस येईल तेव्हाच उघड." तो मोठा दिवस आला होता. मुलाच्या आजी-आजोबांना, तिसऱ्यांदा अर्ज केल्यानंतर, त्यांच्या कसत्या जमिनीचा वनपट्टा मिळाला होता. २००६ सालच्या वनहक्क कायद्याप्रमाणे असा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच आजीचे नाव जमिनीच्या कागदावर चढले होते. जमीन तीस गुंठे, आणि तिच्या बांधावर एक मोहाचे झाड.

त्या झाडाशी माझी जुनी ओळख आहे, पण ते पुढे सांगेन. आधी बाटलीकडे वळू.

बाटली १९९६ सालची होती. योगायोग असा की मी मॅट्रिक झालो ते वर्षही तेच. वरच्या कागदावर बोर्दो प्रांतातल्या एका गावाचे नाव होते : सँ-तेस्तेफ. जिरोंद नावाची रुंद खाडी आहे, तिच्या डाव्या तीरावर हे गाव. एवढ्या जुन्या वाइनमध्ये नेमके घडते काय, हे त्या मुलाने मला समजावले. काळ्या द्राक्षांच्या साली आणि बिया यांतून तुरट अंश रसात उतरतो. कोवळी वाइन या तुरटपणामुळे जिभेला ओढून धरते, कच्च्या जांभळासारखी. वर्षे लोटतात तसे ते तुरट कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. वाइन मऊ होते. जांभळा रंग उतरून विटेचा तांबूसपणा येतो. फळांचा वास मागे सरून वाळल्या पानांचा, कातड्याचा, ओल्या मातीचा वास पुढे येतो. मात्र हे घडायला तीन गोष्टी लागतात : गारवा, अंधार आणि कुणी हात न लावणे. या तिसऱ्या गोष्टीवर माझा सारा लेख उभा आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परदेशी मद्य आमच्या किनाऱ्याला नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे प्रवासवर्णन लिहिले. त्यात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि त्यातही इटलीच्या वाइनला पसंती असल्याची नोंद आहे. राजासाठी म्हणून जो उंची माल येई, त्यातही उत्तम वाइन होती. सोपारा आणि आमच्या शेजारचे कल्याण ही दोन्ही नावे त्याच पुस्तकात आढळतात. मुंबईजवळच्या घारापुरीला त्या काळच्या मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. म्हणजे उंची मद्य दूरदेशीहून यावे आणि ते राजाच्या पंक्तीला जावे, ही चाल आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे.

पुढे इंग्रज आले. त्यांना बोर्दोच्या तांबड्या वाइनची आवड शतकानुशतकांची. ते तिला 'क्लॅरेट' म्हणत. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांच्या टेबलावर ती जहाजाने येई. गंमत अशी की याच सँ-तेस्तेफ गावचा लुई गास्पार देस्तूर्नेल नावाचा एक जमीनदार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली वाइन हिंदुस्थानात पाठवी. न खपलेली पिंपे परत गेली, तेव्हा समुद्राच्या हेलकाव्यांनी आणि उष्म्याने तिची चव सुधारल्याचे त्याला आढळले, असे सांगतात. 'हिंदुस्थानातून परतलेली' हीच मग तिची प्रतिष्ठा झाली. या गृहस्थाला पूर्वेचे एवढे वेड की त्याने आपल्या कोठारावर देवळासारखे मनोरे उभारले. ते आजही तेथे आहेत. १८५५ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनची प्रतवारी लावली. त्यात त्याच्या मळ्याला दुसरी श्रेणी मिळाली. हे पाहायला तो मात्र उरला नव्हता. १८५३ सालीच तो वारला होता. ती प्रतवारी थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा एक कागद, आणि त्याचा मान अजून शाबूत!

मग १८६० नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर संकट कोसळले. अमेरिकेतून आलेला फायलोक्सेरा नावाचा बारीक किडा वेलींची मुळे शोषू लागला आणि मळेच्या मळे वाळले. अखेर अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्याचा उपाय सापडला. आपल्या नाशिक-सांगलीचे बागाईतदारही आज 'डॉगरिज' नावाच्या अमेरिकन खुंटावरच द्राक्ष बांधतात, हे वाचकांपैकी कित्येकांना ठाऊक असेल. पण मधल्या काळात फ्रान्सला मद्यार्काची चणचण पडली. तेव्हा मुंबई बंदरातून सुकी मोहाची फुले फ्रान्सला जाऊ लागली आणि तिथे त्यांचे मद्य गाळले जाऊ लागले. ज्या फुलांना साहेब रानटी लोकांचा माल म्हणत, त्याच फुलांनी बोर्दोच्या देशाची अडचण काही काळ भागवली.

आणि त्याच सुमारास इकडे, आमच्या ठाणे जिल्ह्यात, काय चालले होते?

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. प्रिचर्ड नावाच्या साहेबाने त्याची अंमलबजावणी केली. त्यापूर्वी गावोगाव लहान भट्ट्या होत्या. ताडी-माडी काढणारा भंडारी होता. मोहाची दारू गाळणारा आदिवासी होता. नव्या व्यवस्थेत गाळप मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या कारखान्यांकडे गेले. त्यांचे मोठे केंद्र उरण. तिथे मोहाची फुले यायची पंचमहालातून, आगगाडीने. म्हणजे ठाण्याच्या जंगलात झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, आणि ठाण्याच्याच माणसाने दारू प्यायची ती गुजरातेतल्या फुलांची, उरणला गाळलेली, ठेकेदाराच्या दुकानातली, कर भरून! ताडाच्या झाडावरही कर बसला. सरकारचा हेतू लोकांनी दारू सोडावी हा नव्हता, तर ती विकत घ्यावी हा होता. अबकारीचे उत्पन्न हे तेव्हा सरकारी तिजोरीचे एक मोठे अंग होते.

तरी घरचे गाळप थांबेना. कारण झाड दारात, आणि फूल फुकट. तेव्हा १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. दारूवर नव्हे, फुलांवरच! फुले किती बाळगावीत, कुणी विकावीत, यांवर निर्बंध आले. जे फूल वाळवून उन्हाळ्यात भाकरीबरोबर खातात, ज्याच्या झाडाच्या बियांचे तेल काढतात, ज्याच्या दारूची धार वारल्यांच्या लग्नात देवाला दिल्यावाचून लग्न पुरे होत नाही, ते फूल घरात सापडले तर संशयाचा माल ठरले. याच १८९२ साली तानसेचे पाणी मुंबईला पोहोचले. आमच्या खोऱ्यातली नदी नळातून शहराला गेली आणि आमच्या खोऱ्यातले फूल कुलपात गेले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या आहेत, यापलीकडे मी काही म्हणत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी झाली. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. गरिबाचा संसार वाचावा, हे गांधीजींच्या विचारातलेच सूत्र. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती बंदी हळूहळू सैल झाली; परवाने आले, देशी दारूची दुकाने आली, हॉटेले आली. सुटली नाही ती एकच गोष्ट : पाड्यावरचे मडके. ते १८७८ ला गुन्हा होते, १९५० ला गुन्हा होते आणि दुकाने उघडल्यावरही गुन्हाच राहिले.

आता त्या झाडाची ओळख सांगतो. १९८८ सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतो. उन्हाळ्यात आईने मला पाड्यावर करवंदे आणायला पिटाळले होते. त्या मोहाखालच्या झोपडीपुढे दोन शिपाई उभे होते. एकाने काठीने मडके फोडले. आंबूस-गोड वासाचा तो ओघळ मातीत जिरताना मी पाहिला. घरधन्याला त्यांनी पुढे घालून नेले. त्याच्या बायकोने ओरडा केला नाही की शिवी दिली नाही. ती खाली बसली, खापऱ्या गोळा केल्या, त्यांतली एक खोलगट पाहून धुतली आणि तिच्यात कोंबड्यांना पाणी ओतले. पोरीचे लग्न पंधरा दिवसांवर आले होते, हे मला फार नंतर कळले. दारू देवासाठी काढली होती.

ती बाई म्हणजे आज वनपट्ट्यावर नाव चढलेली आजी, आणि शिपायांनी नेलेला माणूस म्हणजे तिचा नवरा.

एवढे सांगितल्यावर कोजागिरीची रात्र वाचकांना नीट दिसेल. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात दोन चुली पेटल्या होत्या. एकीवर मसाल्याचे दूध आटत होते. माझी पत्नी तडक तिकडे गेली, ती शेवटपर्यंत तिकडेच राहिली. नातवाने बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, म्हणजे गाळ तळाशी बसावा. आणि आमच्या ऑक्टोबरच्या उकाड्यापासून वाचावी म्हणून तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळले होते. नातवाने सगळ्या वडीलमंडळींचे एकेका दिवसाचे परवानेसुद्धा दुकानातून आणले होते. आजोबांनी आपला परवाना उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे तेवढ्या पैशाला तेव्हा मिळत असतं, तर..." आणि हसले. वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

जुने बूच मध्येच तुटले. नातवाने ते हलक्या हाताने काढले, मग बाटलीच्या मानेमागे कंदील धरून वाइन संथपणे स्टीलच्या जगात ओतली. मानेपाशी गाळाची काळी रेघ दिसली मात्र, हात थांबवला. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी रंग पाहिला. मधोमध गडद, कडेला फुटक्या कौलाचा रंग. आम्ही आठजण, बाटली पाऊण लिटरची. प्रत्येकाच्या वाट्याला चहाच्या पेल्यात चार घोट. मी घेतला. आधी तुरट, मग मऊ, आणि गिळल्यावर पावसाळा सरताना सागाखालच्या पानांचा जो वास येतो, तो बराच वेळ घशात राहिला. अप्रतिम होती असे म्हणायला मला आधार नाही. दुसरी कुठली मी प्यालोच नाही. पण तीत घाई नव्हती, एवढे माझ्याही जिभेला कळले.

आजीने एक घोट घेतला. "जांभळाची बी चावल्यावानी हाय," ती म्हणाली आणि पेला नवऱ्याकडे सरकवला. आजोबा मात्र डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, हिला कुणी उठवलं नाय."

मला अर्थ लागेना. ते म्हणाले, "आमची दारू घाईची. रातीला काढायची, सकाळच्या आत संपवायची. घरात ठेवली तर पकडणार. मग चांगली कशी व्हायची? ही निजून ऱ्हायली. तीस वरसं कुणी दार वाजवलं नाय."

वाचकहो, प्रतवारीच्या कागदात मला जे सापडले नव्हते, ते या चार वाक्यांत सापडले. जुनी वाइन म्हणजे नुसता द्राक्षाचा गुण नव्हे, की नुसती कारागिरी नव्हे. तीस वर्षे त्या घरावर कुणाची धाड पडली नाही, याचा तो पुरावा असतो. ज्याला आपली वस्तू निर्धास्तपणे घरात ठेवता येते, त्याच्याच वस्तूला वय येते, आणि वय आले की नाव येते. आमच्या मोहाच्या दारूला लोक उग्र म्हणतात, हलकी म्हणतात. दीडशे वर्षे जिला एक रात्रसुद्धा स्वस्थपणे घालवता आली नाही, ती मुरणार केव्हा?

फ्रान्सच्या शेतकऱ्यालाही ही स्वस्थता आयती मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९०७ साली दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षवाले लाखांनी रस्त्यावर आले. साखर-पाणी घालून केलेल्या खोट्या वाइनने त्यांचा धंदा बुडवला होता. नारबॉन गावी सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्यानंतर भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि १९३५ साली गावाचे नाव फक्त त्या गावच्या वाइनलाच लावता येईल, अशी व्यवस्था झाली. तिथला कायदा शेतकऱ्याच्या मडक्याचा पहारेकरी झाला. इथला मडके फोडायला आला. आपल्याकडेही द्राक्षाचे भाग्य उजळले आहे. राज्याने २००१ साली वाइन उद्योगासाठी खास धोरण केले, 'नाशिक व्हॅली' या नावाला भौगोलिक ओळख मिळाली, आणि दिंडोरीला तर २०१३ साली एका फ्रेंच घराण्याने फेसाळ वाइन विकायला सुरुवात केली होती. नाशिकच्या शेतकऱ्याचे मला कौतुकच आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने अलीकडे आदिवासींच्या मोहाच्या मद्याला 'वारसा' म्हणून मान्यता दिली, हेही खरे. पण नाशिकहून अंबाडी किती लांब आहे? एका बाजूच्या रसाला धोरण आणि दुसऱ्या बाजूच्या रसाला दंडुका, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

माझा गैरसमज करून घेऊ नये. मी दारूचा कैवारी नव्हे. बापाच्या दारूपायी शाळा सोडलेली पोरे माझ्या वर्गात होऊन गेली आहेत. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बायांना मी हात जोडतो. त्यांना तो हक्क आहे, कारण तो निर्णय त्यांचा त्यांनी, आपल्या गावासाठी केलेला असतो. वरून येऊन मडके फोडणे निराळे आणि आपल्या हाताने बाटली आडवी करणे निराळे. त्या पाड्यावरच्या बायांनी उद्या ठरवले की मोह फक्त खाण्यापुरता आणि देवापुरता, तर माझे पहिले मत त्यांना.

असो. दूध झाले. चंद्र माथ्यावर आला. आजीने वनपट्ट्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मास्तर, माझं नाव कुठं हाय ते बोट ठेवून दाव." मी बोट ठेवले. तिने त्यावर आपले बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

निघताना पाहिले, तर रिकामी बाटली धुऊन तिने चुलीशेजारी सुकायला आडवी ठेवली होती. मी विचारले, "आजी, हिचं काय करणार?"

"मोहाचं तेल भरीन," ती म्हणाली. "आता घरात ठेवलं तरी कोण इचारतंय?"